आत्याबाईंच्या पर्समधली किल्ली

हॅलो?… हॅलो, कोण बोलतंय?… आई? थांबा, थांबा, गाडीखाली आहे मी, आवाज फुटतोय… हं, बोला आता… काय झालं?… थांबली? आपोआप थांबली, की तुम्ही थांबवलीत?

मिस्त्रीण उताणी पडली होती. वर एका टॅक्सीचं काळंकुट्ट पोट, पाठीखाली चाकं लावलेली फळी, आणि फोन कान नि खांदा यांच्या मध्ये चेपलेला. गॅरेजमध्ये तिला सगळे मिस्त्रीणच म्हणत. फोनवर होत्या तिच्या सासूबाई. चाळीस वर्षं त्या शिलाई मशीनवर बसल्या आणि बासष्टाव्या वर्षी उठून गाडीच्या चाकामागे जाऊन बसल्या. शिकवलं सुनेनं. आज पहिल्यांदाच त्या एकट्या गाडी घेऊन निघाल्या होत्या, थोरल्या नणंदेला, म्हणजे आत्याबाईंना, बसच्या थांब्यावरून घरी आणायला.

हो, हो… आई, ऐका ना… अहो, रडताय कशाला! आधी सांगा, लागलं का कुणाला?… तुम्हाला?… आणि आत्याबाईंना?… नुसतं तोंड चालू आहे? मग ठणठणीत आहेत त्या… हळू बोला, ऐकतील.

बरं, आहात कुठे नेमक्या?… पूल ओलांडलात?… पुलाच्या पुढे, चढावर, दगडी भिंतीपाशी. कळलं. अगदी कडेला घेतलीय ना?… दोन चाकं मातीत. शाब्बास!… मळू द्या हो, चाकंच ती… हातब्रेक?… लाल त्रिकोणाचं बटण?… तेच, दाबलं की चारही दिवे डोळे मिचकावतात ते… दाबलंय? टिकटिक येतेय? वा!

आणि तुम्ही दोघी कुठे आहात आत्ता?… गाडीतच? उतरा आधी… ते नंतर सांगा, आधी उतरा. रस्त्याकडचं दार उघडायचं नाही हं, भिंतीकडचं. तुम्हीसुद्धा त्याच दारातून. गियरवरून सरका… जमेल, रोज मशीनखाली वाकून सुई शोधता, हे काय मोठं!… काय म्हणतात आत्याबाई?… ऊन आहे? मी नाही उतरत?… त्यांना म्हणावं, मागून ट्रक आला तर तो वय विचारत नाही… हो, असंच्या असं सांगा. माझं नाव घेऊन सांगा.

फळी सरकवत मिस्त्रीण बाहेर आली. पलीकडे स्टुलावर बसलेले उस्ताद, म्हणजे गॅरेजचे मालक, तिच्याकडे बघत होते. त्यांनी न बोलता चार बोटं वर केली. टॅक्सी चार वाजता द्यायची होती. तिनं मान हलवली आणि ग्रीसचा हात चिंधीला पुसायला घेतला. चिंधीही सासूबाईंचीच. शिवणातले उरलेले तुकडे दर शनिवारी गॅरेजला येत, म्हणून इथले मिस्त्री फुलाफुलांच्या कापडाला हात पुसत.

उतरल्या?… दोघी?… भिंतीच्या पलीकडे जाता येतंय का?… तिथंच, झाडाच्या सावलीत. गाडीच्या पुढे उभं राहायचं नाही, मागेही नाही. आत्याबाईंना बसायला काय… पायरीचा दगड आहे? बसवा त्यांना.

आता डिकीतला त्रिकोण. घडीचा, लाल… तो बाहेर काढा आणि गाडीच्या मागे नेऊन ठेवा. येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून चालायचं, कडेकडेनं. पन्नास पावलं… कशानं मोजताय? टेपनं? आई! अहो, ते काय ब्लाउजचं माप आहे? पावलं, पावलं!… हो, एखादं पाऊल इकडे तिकडे झालं तरी चालेल, उसवायचं नाही काही… जा, फोन चालू ठेवा. मी आहे.

ती होती. फोन कानाला लावून ती सासूबाईंची पावलं ऐकत राहिली. सासूबाई पुटपुटत मोजत होत्या. अडतिसाला चुकल्या नि पुन्हा तिसापासून लागल्या.

मिस्त्रिणीला मात्र त्रिकोणापेक्षा दुसरीच काळजी होती. सकाळी घरात करार झाला होता. सासरे म्हणाले होते, ताईला सुखरूप, न थांबता घरी आणलंस तर गाडी तुझी, हवी तेव्हा ने. नाहीतर किल्ली माझ्या कपाटात. हसत म्हणाले होते, पण माणूस शब्दाचा पक्का. सासूबाईंना ती किल्ली हवी होती. चाळीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांनी आणलेलं कापड शिवलं. कापडबाजारात आपण स्वतः जावं, दहा दुकानं फिरावीत, बोटांनी पोत बघावा, नि कुणी खाली हॉर्न वाजवत ‘चला’ म्हणू नये, एवढंच त्यांचं मागणं. आणि आत्याबाई तर गाडीत बसतानाच म्हणाल्या होत्या, बघू या, तुझं चाक आम्हाला घरापर्यंत नेतं की वरपर्यंत.

हं… ठेवला? पडत नाही ना वाऱ्यानं?… दगड लावलात, छान. आता मागे या, सावलीत. पाणी प्या दोघी. आणि मला पहिल्यापासून सांगा… नाही, घर सोडल्यापासून नको! पहिला आवाज आल्यापासून.

अच्छा… किंचाळल्यासारखा?… मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखा… मग तो थांबला… मग बॅटरीचा लाल दिवा लागला… स्टेअरिंग जड झालं… चढ लागला आणि इंजिनच्या तापाचा काटा चढायला लागला. तांबड्यात गेला?… टेकायच्या आतच थांबवलीत? आई, काय सांगता! कसं आठवलं तुम्हाला ऐन वेळी?… म्हणा, म्हणा, मला ऐकू दे…

काटा तांबड्याला गेला, पुढे जाऊ नये बाई,
घर जागीच राहतं, घराला पाय नाही.

हे शिकवण्याचं सुनेचं तंत्र होतं. पुस्तकातलं सासूबाईंच्या डोक्यात राहत नसे. पण मशीनचं पायडल मारता मारता गुणगुणलेलं काही त्या जन्मात विसरत नसत. म्हणून सुनेनं सगळी गाडी ओळींत बांधून दिली होती. तेल पुसून बघावं, पाणी बघावं गार; चाकं चारी दाबून, मग उघडावं दार. सासूबाई सकाळी गाडीभोवती ही ओळ म्हणत फिरत, नि शेजारचे म्हणत, काकू गाडीला झोपवतायत की उठवतायत?

आणि आत्याबाई काय म्हणाल्या तेव्हा?… ‘आलंच घर, चल पुढे, थांबतेस काय रस्त्यात’?… तरी थांबलात… बरं, मग?… काय? किल्ली?… काढून घेतली? त्यांनी?… पर्समध्ये टाकली. चेनसुद्धा लावली… आणि म्हणाल्या, ‘आता ही थेट भावाच्या हातात’… आई… आई, पुन्हा रडू नका ना. चष्मा ओला होतो, मग पुसायला माझी चिंधी नाही तिथे. किल्ली गाडीबाहेर आहे हे एका अर्थी बरंच… असू द्या. किल्लीचं नंतर बघू. आधी गाडीचं.

वाफ येतेय का पुढून?… थोडी थोडी. मग हात लावू नका अजून. टोपण उघडायचं नाही, वरून गार पाणी ओतायचं नाही… आत्याबाई ओता म्हणतात? बाटली घ्या त्यांच्या हातातून, घ्या आधी! तापल्या तव्यावर पाणी टाकलं की काय होतं, विचारा त्यांना… हं. आणि ते रेडिएटरचं झाकण तर अजिबात, अजिबात नाही. आत उकळतं पाणी दाबून बसलेलं असतं, उघडलं की तोंडावर येतं… कुकरची शिट्टी हातानं उचलाल का भरात असताना? तसंच.

पंधरा मिनिटं नुसतं बसायचं. मी पण बसते.

पण ती बसली नाही. टॅक्सीचे उरलेले दोन नट तिनं एका हातानं आवळले, फोन दुसऱ्या हातात. सासूबाई काहीबाही सांगत राहिल्या. आत्याबाईंची बॅग केवढी जड, दगडाला मुंग्या कशा, रस्त्यानं जाणारा एक टेम्पोवाला थांबून ‘ढकलू का’ विचारून गेला आणि आत्याबाईंनीच त्याला ‘नको, आमची सून मिस्त्री आहे’ असं कसं फटकन सुनावलं.

काय म्हणाल्या? ‘आमची सून’? बघा हं, कॅलेंडरवर लिहून ठेवा आजची तारीख.

वाफ गेली?… पूर्ण?… बॉनेटला लांबून हात दाखवून बघा, चटका बसतो?… कोमट. कापड घ्या, सावकाश उचला, दांडी लावा. लागली नीट? हलवून बघा… आता नुसतं बघायचं, हात पाठीमागे बांधा… तुमच्या मशीनला कसा चाकावरून पट्टा जातो, तसा एका बाजूला काळा पट्टा दिसेल, दोन-तीन चाकांना गुंडाळलेला… आहे? मला वाटलं तुटला असेल… जागेवर आहे. फाटलाय?… नाही. मग?… काय करतोय?… चकाकतोय?

मिस्त्रिणीचा पाना हातातच राहिला.

आई… पट्टा चकाकत नसतो. पट्टा मुळी काळा, मुका, कोरडा असतो… खाली बघा, आजूबाजूला शिंतोडे आहेत का?… आहेत… वास कसला येतोय? थोडं वाका, नाक न्या… काय?… आपल्या मशीनसारखा?

आई, एक विचारते, खरं सांगा. रविवारी तुम्ही म्हणालात, गाडी सकाळी सुरू करताना कुरकुरते. मी म्हटलं, सवडीनं बघते. त्यावर तुम्ही… तुम्ही काही केलंत का?… सांगा ना… नाही ओरडत… आज पहाटे?… बाबा उठायच्या आत… कुपी घेऊन गेलात… शिवणाच्या मशीनच्या तेलाची… किती थेंब?… तीन?… आणि मग?… ‘गाडी मोठी म्हणून’… उरलेली सगळी?

ती हसली नाही. प्रयत्न करून हसली नाही. आधी ओठ चावला, मग चिंधी चावली, आणि शेवटी टॅक्सीच्या बॉनेटवर डोकं टेकून इतकी हसली की उस्ताद स्टुलावरून उठले. तिनं फोनवर हात ठेवून त्यांना एका वाक्यात सांगितलं. उस्ताद चष्मा काढून डोळे पुसू लागले.

नाही, नाही, मी कुठे हसतेय? खोकला आला… बरं, हसले. पण तुम्हाला नाही… ऐका ना, सांगते काय झालं. पट्ट्याला तेल लागलं की तो चाकावरून घसरतो. तो घसरला की बॅटरी भरत नाही, पाणी फिरत नाही, गाडी तापते. एवढंच. काही मोडलेलं नाही. तुम्ही वेळेवर थांबलात म्हणून मोडलेलं नाही.

चूक? कुणाची चूक? माझी. आठवतं, पहिल्या दिवशी तुम्ही चाकाला हात लावायला घाबरत होतात, तेव्हा कोण म्हणालं होतं, ‘आई, गाडी म्हणजे मोठं शिलाई मशीन, दुसरं काय’?… मीच ना? मग. मशीन कुरकुरलं की तुम्ही चाळीस वर्षं काय करत आलात? तेल घालत आलात. गाडीच्या पट्ट्याला तेल लावायचं नाही, हे मी सांगायला हवं होतं. गुरूच अर्धवट, शिष्येनं काय करावं!

हं… हं… काय?… नाही.

नाही, आई… काटा खाली आला असेल, गाडी गार झाली म्हणून आला… तीनच किलोमीटर आहे, माहीत आहे मला… आत्याबाईंकडून किल्ली मागून घ्याल, गुपचूप घरी पोहोचाल, कुणाला कळणार नाही, बाबांना सांगायचं बस उशिरा आली… आई…

मिस्त्रिणीनं पाना खाली ठेवला. तिला सगळं दिसत होतं. तीन किलोमीटर, त्यातलं दीड चढाचं. जमलंही असतं कदाचित. करार पुरा झाला असता, किल्ली राहिली असती, आणि कापडबाजारात सासूबाई दहाही दुकानं फिरल्या असत्या. तिनं एक ‘हो’ म्हटलं असतं की झालं असतं.

नाही. गाडी हलवायची नाही. तेलकट पट्टा कधी उडेल नेम नाही, चढावर स्टेअरिंग पुन्हा जड झालं तर वळण घेता येणार नाही… किल्ली गेली तर गेली, आई. किल्ली दुसरी मिळते. बाबांशी मी भांडेन, मला भांडता येतं. तुम्ही मला धड हव्यात… कळतंय… कळतंय हो मला, किती जिवाला लागलंय… तुम्हीच ना म्हणालात मघाशी, घराला पाय नाही?

द्या. आत्याबाईंना द्या फोन.

नमस्कार आत्याबाई… हो, मीच… ऐकून घ्या ना, बिघाड माझ्यामुळे झालाय. आईंनी नाही बिघडवली, मी चुकीचं शिकवलं, त्यांनी मन लावून तसंच केलं. बोलायचं ते मला बोला. बाबांना काय सांगायचं ते माझं नाव घेऊन सांगा, पण… काय?… मी बोलते ना… बरं, तुम्ही बोला.

हं… हं… कुणाच्या गाडीचा काटा?… काकांच्या, तुमच्या यजमानांच्या?… केव्हाची गोष्ट ही?… चढावरच?… तुम्ही म्हणत होतात थांबवा, थांबवा… आणि काका म्हणाले, ‘आलंच आता’… मग?… इंजिन जाम. रस्त्यातच… दिवसभर?… कुठे निघाला होतात पण?

अं?

आत्याबाई, पुन्हा सांगा… आईबाबांच्या लग्नाला?

मिस्त्रीण जवळच्या टायरवर हळूच बसली. घरात सगळ्यांना ठाऊक होतं, की सख्खी बहीण भावाच्या लग्नाला आली नव्हती. का, हे कुणी विचारलं नाही नि कुणी सांगितलं नाही. नव्या नवरीनं मनाशी धरलं की नणंदेला आपण पसंत नाही. आणि अडतीस वर्षं ती ‘वन्सं, वन्सं’ म्हणत दोन पावलं लांबूनच वागत आली.

मग सांगितलं का नाही हो कधी?… हो… नवऱ्याचा हेका चारचौघांत कसा सांगायचा… त्यापेक्षा रुसले म्हणू देत, असंच ना?… आणि काकाही गेले मग… अहो, पण आईंना वाटत आलंय इतकी वर्षं की… नाही, मला नका सांगू. मला कशाला सांगताय? ज्यांना सांगायचं त्या तुमच्या शेजारी उभ्या आहेत ना?… कुठे आहेत?… ऐकलं सगळं?… मग काय करतायत?… आत्याबाई? हॅलो?

फोन चालू होता. एक गाडी गेली, दुसरी गेली. मग नाक ओढल्याचा आवाज आला. कुणाचं ते सांगता येईना. उस्तादांनी मांडणीवरून एक नवाकोरा पट्टा शोधून आणला नि हाराप्रमाणे तिच्या गळ्यात घातला. चार बोटं काही त्यांनी पुन्हा दाखवली नाहीत. टॅक्सीकडे बोट करून स्वतःच्या छातीवर हात ठेवला: ही मी बघतो, तू जा.

हॅलो… हो, आई, आहे ना, जाते कुठे… काय म्हणताय? रडताय की हसताय, एक काहीतरी करा… दोन्ही? बरं, दोन्ही… काय म्हणाल्या त्या?… ‘ह्या बाईला थांबता येतं, आमच्या घरात कुणाला आलं नाही’… आई, हे प्रमाणपत्र चौकट करून लावू आपण, तुमच्या लायसनच्या शेजारी.

हो, निघतेच. पट्टा मिळालाय, चाकं पुसायला चिंध्या घेते, तुमच्याच… वीस मिनिटं. स्कूटर हळूच आणते, हेल्मेट घालून… सावलीतून हलू नका. त्रिकोण तसाच राहू द्या… नवी ओळ? आत्ता? रस्त्यावर? कुणी केली?… पहिली तुम्ही नि दुसरी आत्याबाईंनी? म्हणा, म्हणा, निघता निघता ऐकते…

शिवणाच्या मशिनीला तीन थेंब तेल पुरे,
पट्टा नि नणंद दोघे, कोरडेच बरे.

अगं बाई!… नाही हो आत्याबाई, अर्धंच मान्य! पट्ट्याचं खरं, नणंदेचं साफ खोटं!… बघा, हसतायत. अहो, किती हसतायत ह्या! कधी ऐकलं नव्हतं मी…

काय?… आई, हळू… कसला आवाज?… पर्सची चेन?… उघडली?… आणि?… तुमच्या हातात दिली?… मूठ बंद करून दिली… काय म्हणाल्या?… ‘भावाला सांगेन, किल्ली माझ्याकडून हरवली असती, हिनं सांभाळली’…

नाही, नाही, सुरू नाही करायची! अजिबात नाही!… नुसती हातात धरलीय ना? मग धरा. चांगली घट्ट धरून ठेवा, आई. बाकी मी आल्यावर… हो… हो, हो… अहो ऐका ना, आता तुम्ही फोन ठेवल्याशिवाय मी निघू कशी?… आधी तुम्ही… नाही, तुम्ही… बरं, मीच ठेवते.